सांध्यातील जंतुसंसर्ग : जिवाणू मेल्यावरही कूर्चेची हानी का चालू राहते?

पेशीवाचक (धागालेखक)

जिवाणूंमुळे होणाऱ्या संधिदाहाचा, म्हणजे सेप्टिक आर्थ्रायटिसचा विषय निघाला की बोलणे बहुधा ‘जंतू कोणता आणि प्रतिजैविक कोणते’ एवढ्यावरच थांबते. हे दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेतच. पण सांधा वाचणार की कायमचा अधू होणार हे ठरवणारी आणखी एक गोष्ट आहे : संसर्गाची चाहूल लागल्यावर सांध्यातल्या आपल्याच पेशी एकमेकींना जे रासायनिक संदेश पाठवतात ते. योग्य प्रतिजैविकाने जंतू मारले तरी या आजारातून उठलेल्या सुमारे पाव ते निम्म्या रुग्णांच्या सांध्यात काही ना काही कायमचे नुकसान राहते. त्यातला फार मोठा वाटा या संदेशांचा आहे, असे मला वाचनाअंती वाटते, आणि त्यावर येथे सविस्तर चर्चा व्हावी अशी इच्छा आहे.

आधी जागेविषयी. सांध्याच्या आतल्या बाजूला सायनोव्हियम नावाचे पातळ अस्तर असते. त्यात रक्तकेशिकांचे दाट जाळे असते, आणि शरीरातल्या इतर बऱ्याच अस्तरांना पेशींखाली जो आधारपटल असतो तो येथे नसतो. त्यामुळे रक्तातला द्रव सांध्याच्या पोकळीत सहज झिरपतो. कूर्चेला (हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत, लवचिक थराला) स्वतःच्या रक्तवाहिन्या नसल्यामुळे तिचे पोषण मुख्यतः याच द्रवातून होते, म्हणून ही मोकळी वाट आवश्यकच आहे. दुर्दैवाने त्वचेवरच्या जखमेतून किंवा अन्य ठिकाणाहून रक्तात आलेले जंतूही याच वाटेने आत येतात. प्रौढांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा जंतू म्हणजे स्टॅफिलोकॉकस ऑरियस. त्याच्या पृष्ठभागावर कोलॅजन, फायब्रोनेक्टिन आणि फायब्रिनोजेन यांना घट्ट धरणारी प्रथिने असतात, आणि सांध्यात या गोष्टींची वाण नसते.

अस्तरात दोन प्रकारच्या पेशी पहाऱ्यावर असतात : मॅक्रोफेज, म्हणजे भक्षक पेशी, आणि फायब्रोब्लास्ट, म्हणजे ऊतीचा आधार विणणाऱ्या पेशी. अस्तराच्या अगदी आतल्या काठावरचे मॅक्रोफेज एकमेकांना घट्ट जोडलेले राहून एक सलग पडदा तयार करतात, हे २०१९ मध्ये ‘नेचर’मधील एका शोधनिबंधात उंदरांच्या सांध्यांवरून दाखवले गेले. तो अभ्यास जंतुसंसर्गाचा नव्हता, दाहक संधिवाताचा होता, हे लक्षात ठेवले पाहिजे. पण सांधा शांत ठेवण्याचे काम करणाऱ्या पेशी वेगळ्या आणि दाह सुरू झाल्यावर रक्तातून येणाऱ्या पेशी वेगळ्या, ही त्यातली गोष्ट येथेही उपयोगी पडते.

आता संदेशांकडे येतो. स्टॅफिलोकॉकसच्या आवरणात लिपोप्रथिने असतात. मॅक्रोफेजच्या पृष्ठभागावरचा टीएलआर-२ हा ग्राहक (रिसेप्टर, म्हणजे विशिष्ट रेणू पकडणारे प्रथिन) ती ओळखतो. जंतूच्या भिंतीचे तुकडे पेशीच्या आत पोहोचले तर तेथे एनओडी-२ हा दुसरा ग्राहक असतो, आणि जंतूच्या डीएनएसाठी टीएलआर-९. (टोल आणि टोलसदृश ग्राहकांवरील कामासाठी ज्यूल्स हॉफमन आणि ब्रूस ब्यूटलर यांना २०११ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले, इतके हे शोध मूलभूत आहेत.) यांपैकी कोणताही ग्राहक जागा झाला की पेशीत एनएफ-कप्पा-बी हे नियंत्रक प्रथिन केंद्रकात शिरते आणि टीएनएफ, आयएल-१ बीटा, आयएल-६ व आयएल-८ या संदेश-प्रथिनांची (सायटोकाइनची) जनुके चालू होतात. त्यांतले आयएल-१ बीटा आधी निष्क्रिय रूपात तयार होते. स्टॅफिलोकॉकसच्या विषाने पेशीच्या आवरणाला छिद्रे पाडली आणि पेशीतले पोटॅशियम बाहेर गेले की एनएलआरपी-३ नावाची यंत्रणा जुळते, कॅस्पेज-१ हे एन्झाइम त्या निष्क्रिय साखळीचे टोक कापते, आणि मगच ते कामाला लागते.

यानंतर आयएल-८ च्या हाकेला ओ देऊन न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशी रक्तातून सांध्यात लोटतात. जंतू मारण्यासाठी त्या इलास्टेज, मायलोपेरॉक्सिडेज आणि ऑक्सिजनची क्रियाशील रूपे सोडतात. ही अस्त्रे जंतू आणि कूर्चा असा भेद करत नाहीत. पण मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट याच्याही पुढची आहे. आयएल-१ आणि टीएनएफ जेव्हा कूर्चेतल्या पेशींपर्यंत पोहोचतात तेव्हा त्या पेशी स्वतःच आपल्या भोवतीचा सांगाडा मोडू लागतात. त्या एडीएएमटीएस गटातली एन्झाइमे बनवून अग्रेकन कापतात आणि एमएमपी-१ व एमएमपी-१३ बनवून कोलॅजन कापतात. अग्रेकन आधी जाते. ते कूर्चेत पाणी धरून ठेवते, ते गेले की कूर्चा मऊ पडते. मात्र या टप्प्यावर दाह आटोक्यात आला तर ते पुन्हा भरून निघू शकते. कोलॅजनची जाळी नंतर तुटते, आणि प्रौढ माणसात ती पूर्ववत विणली जात नाही. त्याच वेळी अस्तरातील फायब्रोब्लास्ट आणि टी पेशी आरएएनके-लायगँड हा संदेश वाढवतात, त्यातून हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी तयार होतात आणि कूर्चेखालचे हाडही झिजू लागते.

या साऱ्याला जिवंत जंतू लागतोच असे नाही. १९९९ मध्ये स्वीडनमधल्या संशोधकांनी उंदरांच्या गुडघ्यात फक्त जिवाणूंचा डीएनए टोचला आणि तेवढ्यानेच संधिदाह झाला. तो मॅक्रोफेज आणि टीएनएफ यांच्यावर अवलंबून होता. पुढे २०१९ मध्ये गोथेनबर्ग विद्यापीठातील गटाने स्टॅफिलोकॉकसची शुद्ध केलेली लिपोप्रथिने टोचून दीर्घकाळ टिकणारा, हाड झिजवणारा संधिदाह निर्माण केला, आणि टीएलआर-२ नसलेल्या उंदरांत तो झाला नाही. याचा अर्थ असा की प्रतिजैविकाने जंतू फुटून मेला तरी त्याचे अवशेष काही काळ तोच संदेश देत राहतात.

शांतपाऊल

लेख अतिशय उपयुक्त आहे, आणि माझ्यासाठी तो केवळ माहितीचा नाही. माझ्या गुडघ्यात असा संसर्ग झाला होता. सांधा शस्त्रक्रियेने धुतला गेला, शिरेतून प्रतिजैविक दिले गेले, आणि नंतर काढलेल्या द्रवात जंतू वाढले नाहीत. तरीही सूज आणि ऊब कित्येक आठवडे ओसरली नाही. ‘संसर्ग गेला आहे’ एवढेच मला सांगण्यात आले; मग गुडघा का सुजलेला राहतो, याचे उत्तर कोणी दिले नाही. त्या काळात दर वेळी जंतू परत आले की काय या भीतीने झोप लागत नसे. आपण लिहिलेले अवशेषांचे कारण माझ्या बाबतीत लागू असू शकते का?

पेशीवाचक (धागालेखक)

@शांतपाऊल, आपल्या गुडघ्यात नेमके काय घडले हे मी सांगू शकत नाही, आणि तसे सांगणे योग्यही होणार नाही. सर्वसाधारणपणे एवढे म्हणता येते की जंतू वाढत नसतानाही सूज रेंगाळणे ही ओळखीची गोष्ट आहे आणि तिला जैविक आधार आहे. याचे सर्वांत स्पष्ट उदाहरण लाइम रोगातल्या (हा बोरेलिया जंतूमुळे होतो) संधिदाहाचे आहे. बोरेलिया जंतूच्या भिंतीतले पेप्टिडोग्लायकन रुग्णांच्या सांध्यातील द्रवात प्रतिजैविकांचा उपचार झाल्यानंतरही सापडते, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्या रुग्णांपैकी काहींच्या अस्तरात इंटरफेरॉन-गॅमा या दाह-संदेशाचा जोर टिकून राहतो आणि ऊतीची दुरुस्ती मागे पडते.

मात्र सूज रेंगाळते म्हणजे अवशेषच असणार, असा निष्कर्ष घरबसल्या काढणे धोक्याचे आहे. जंतू खरोखर उरलेले असणे, शेजारच्या हाडात संसर्ग पसरलेला असणे, किंवा सोबत स्फटिकांचा संधिदाह असणे या शक्यता द्रव पुन्हा तपासूनच बाजूला ठेवता येतात. नव्याने ताप आला किंवा वेदना वाढली तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.

काचपट्टी

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करते, म्हणून द्रवाबद्दल थोडे लिहिते. निरोगी सांध्यातला द्रव फिकट पिवळसर आणि इतका नितळ असतो की नळीमागे धरलेला छापील मजकूर वाचता येतो. सुईच्या टोकावरून तो थेंबाने पडत नाही. त्याची लांब तार निघते, कारण त्यात हायल्युरोनन असते. संसर्ग झालेल्या सांध्यातला द्रव गढूळ, कधी हिरवट पिवळा असतो आणि पाण्यासारखा टपटप पडतो, कारण दाहात हायल्युरोननच्या लांब साखळ्या तुटतात आणि झिरपून आलेल्या द्रवाने ते पातळही होते. धागालेखकांनी ज्या संदेशांचे वर्णन केले आहे त्यांचा परिणाम असा डोळ्यांनी दिसतो.

सूक्ष्मदर्शकाखाली तो आणखी स्पष्ट होतो. निरोगी द्रवात एका मायक्रोलिटरमध्ये २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. संसर्गात ही संख्या बहुधा ५०,००० च्या वर जाते आणि त्यांतल्या ९० टक्क्यांहून अधिक न्यूट्रोफिल असतात. एक लाखाच्या वर मोजणी गेली तर संशय फारच बळावतो. २५,००० च्या खाली असेल तर शक्यता कमी होते, पण संपत नाही. गोनोकॉकसच्या (परम्याच्या जंतूच्या) संसर्गात किंवा प्रतिकारशक्ती दबलेल्या रुग्णात आकडा फसवा असू शकतो. द्रवात युरिक आम्लाचे स्फटिक दिसले म्हणून जंतू नाहीत असेही मानता येत नाही, कारण दोन्ही एकत्र असू शकतात.

आणखी एक निरीक्षण नोंदवते. काचपट्टीवर स्टॅफिलोकॉकस सुटे क्वचितच दिसतात, त्यांचे पुंजके असतात. सांध्याच्या द्रवातल्या फायब्रिनोजेन आणि फायब्रोनेक्टिनमध्ये गुरफटून ते मोठाल्या गुठळ्या बनवतात, आणि या गुठळ्यांतले जंतू प्रतिजैविकाला फारशी दाद देत नाहीत, असे प्रयोगांत दिसले आहे. न्यूट्रोफिललाही एवढी मोठी गुठळी गिळता येत नाही. गिळता आले नाही तरी ती पेशी आपली एन्झाइमे बाहेर सोडतेच, आणि ती कूर्चेवर पडतात.

दुसरीबाजू

धागालेखकांच्या मांडणीतल्या बहुतेक तपशिलांशी मी सहमत आहे, पण तिचा एकूण झोक मला पटत नाही. वाचणाऱ्याला असे वाटेल की जंतू केवळ निमित्त आहे आणि खरा दोषी आपले शरीर आहे. स्टॅफिलोकॉकसचे अल्फा-विष कूर्चेतल्या पेशींना थेट मारते, हे गोवंशाच्या कूर्चेवरील प्रयोगांत दाखवले गेले आहे. तेथे प्रतिकारपेशींचा काही संबंध नव्हता. शिवाय हा जंतू संदेशांमध्ये ढवळाढवळ करतो. त्याचे प्रोटीन-ए प्रतिपिंडांना उलट्या बाजूने धरून निकामी करते. न्यूट्रोफिल मरताना डीएनएचे जाळे टाकतात, तेव्हा जंतू आपल्या न्यूक्लिएजने ते जाळे कापतो आणि दुसऱ्या एन्झाइमने त्या तुकड्यांपासून डीऑक्सिअॅडेनोसिन बनवतो, ज्याने जवळचे मॅक्रोफेज मरतात. हे २०१३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आले होते. काही वंशांचे टीएसएसटी-१ हे विष तर प्रतिजनाची नेहमीची ओळख टाळून टी पेशींच्या मोठ्या गटाला एकाच वेळी चेतवते. इतका कारस्थानी जंतू निमित्तमात्र कसा म्हणता येईल?

पेशीवाचक (धागालेखक)

@दुसरीबाजू, आपण दिलेला प्रत्येक मुद्दा महत्त्वाचा आहे आणि जंतू निमित्तमात्र आहे असे माझे म्हणणे नाही. माझे म्हणणे काळाविषयी आहे. विष थेट पेशी मारते ते जंतू जिवंत असेपर्यंत आणि तो जेथे आहे तेथे. संदेशांनी होणारी हानी मात्र जंतू गेल्यावरही आणि तो जेथे पोहोचला नाही तेथेही चालते. उंदरांवरील या विषयाच्या बऱ्याच कामात एलएस-१ नावाचा या जंतूचा वंश वापरला जातो. तो संधिदाह आपोआप झालेल्या एका उंदराच्या सुजलेल्या सांध्यातूनच मिळाला आणि तो टीएसएसटी-१ बनवतो, म्हणजे तेथेही विष आणि संदेश यांची सांगड आहेच.

उंबरठा

एक साधा प्रश्न विचारतो. टीएनएफ आणि आयएल-१ एवढे नुकसान करत असतील तर त्यांना अडवणारी औषधे उपलब्ध आहेत आणि ऱ्हुमॅटॉइड संधिवातात ती वापरलीही जातात. मग याच आजारात ती का दिली जात नाहीत?

पेशीवाचक (धागालेखक)

@उंबरठा, प्रश्न साधा आहे, पण सारा पेच त्यातच आहे. १९९८ मध्ये टीएनएफ आणि त्याचे भावंड लिम्फोटॉक्सिन-अल्फा ही दोन्ही नसलेल्या उंदरांना स्टॅफिलोकॉकसचा संसर्ग दिला गेला. त्यांचे सांधे कमी बिघडले, पण ते उंदीर अधिक संख्येने मेले. आयएल-१ चा ग्राहक नसलेल्या उंदरांत तर संधिदाह आणि मृत्यू दोन्ही वाढले. न्यूट्रोफिल काढून टाकले की संसर्ग अंगभर पसरतो. इंटरफेरॉन-गॅमा सांध्याला जाच करतो आणि त्याच वेळी रक्तातल्या संसर्गापासून वाचवतोही. ज्या संदेशामुळे कूर्चा जाते, बहुधा त्याच संदेशामुळे जीव वाचतो.

माणसांतही याला दुजोरा मिळतो. ऱ्हुमॅटॉइड संधिवाताच्या रुग्णांच्या ब्रिटिश नोंदवहीतून २०११ मध्ये जी माहिती आली तीनुसार टीएनएफ अडवणारी औषधे घेणाऱ्यांत सेप्टिक आर्थ्रायटिसचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट होता. म्हणून प्रश्न संदेश अडवावा की नाही असा नसून केव्हा अडवावा असा आहे. उंदरांत प्रतिजैविकाच्या जोडीने टीएनएफ-विरोधी औषध दिल्यावर सांधे लवकर शांत झाले. जंतू आटोक्यात आल्यानंतरच्या काळात दाह दाबणे ही दिशा मला खरोखर आशादायक वाटते. परंतु माणसांवर ती नेहमीचा उपचार म्हणून सिद्ध झालेली नाही.

बालचिकित्सा

मुलांच्या बाबतीत हा विचार थोडा पुढे गेला आहे. प्रतिजैविकाच्या जोडीला डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड ४ दिवस देण्याच्या दोन चाचण्या झाल्या, एक कोस्टा रिकामध्ये (२००३) आणि दुसरी इस्राएलमध्ये (२०११). दोन्हींत स्टिरॉइड मिळालेली मुले लवकर सुधारली. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेने २०१८ मध्ये या पुराव्याचा आढावा घेतला आणि त्याचा दर्जा कमी असल्याचे नोंदवले, कारण अभ्यास मोजके आणि लहान होते. म्हणून सरसकट स्टिरॉइड देण्याची शिफारस करता येत नाही, पण ही कल्पना टाकून देण्यासारखीही नाही.

पालकांसाठी एक गोष्ट आवर्जून सांगते. लहान मुलांच्या खुब्यात पू साचला की आतला दाब वाढतो आणि मांडीच्या हाडाच्या डोक्याचा रक्तपुरवठा तुटू शकतो. त्यामुळे खुब्याचा निचरा तातडीने करावा लागतो. सुमारे ६ महिने ते ४ वर्षे वयात किंगेला किंगे हा जंतू बराच आढळतो. त्यात ताप आणि रक्तातले दाहाचे निर्देशक सौम्य असू शकतात, मूल फक्त पाय टेकायला नकार देते, आणि नेहमीच्या माध्यमावर जंतू सहज वाढतही नाही.

सावधवाचक

मी ऱ्हुमॅटॉइड संधिवातासाठी टोसिलिझुमॅब घेते. वरील चर्चा वाचून विचारावेसे वाटते : माझ्या सांध्यात संसर्ग झालाच तर तो ओळखता येईल का?

काचपट्टी

@सावधवाचक, ओळखता येतो, पण नेहमीच्या खुणा अपुऱ्या पडतात. यकृत सीआरपी हे दाहाचे निर्देशक प्रथिन बनवते ते मुख्यतः आयएल-६ च्या सांगण्यावरून, आणि आपले औषध नेमका आयएल-६ चा ग्राहक अडवते. त्यामुळे संसर्ग असूनही सीआरपी कमी राहू शकते आणि तापही येणार नाही. तशीही या आजाराच्या बऱ्याच रुग्णांना भरती होताना ताप नसतो. आपल्या बाबतीत एकच सांधा इतरांपेक्षा वेगळा, अचानक दुखू लागला तर ‘नेहमीचाच भडका असेल’ असे समजून थांबू नये. सीआरपीच्या आकड्यावर विसंबण्याऐवजी द्रव काढून तपासणे हाच खात्रीचा मार्ग आहे. प्रकृती फार खालावलेली नसेल तर हा द्रव प्रतिजैविकाच्या पहिल्या मात्रेपूर्वी घेतलेला बरा, कारण नंतर जंतू वाढण्याची शक्यता घटते.

शांतपाऊल

सर्वांचे आभार. आता एकच शंका उरली आहे. माझा सांधा एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा रिकामा केला गेला, आणि लगेच हालचाल करायला सांगितले गेले. सुजलेला सांधा हलवणे मला तेव्हा क्रूर वाटले होते.

अस्थिउपचार

@शांतपाऊल, दोन्हींमागे याच धाग्यातली कारणे आहेत. निचरा केल्याने जंतूंबरोबरच त्यांचे अवशेष, मेलेले न्यूट्रोफिल, मोकळी एन्झाइमे आणि सायटोकाइन हे सारे बाहेर जाते. द्रव पुन्हा भरला तर ते पुन्हा साचते, म्हणून पुन्हा रिकामे करावे लागते. हालचालीबद्दल सांगायचे तर पूर्वी अशा सांध्याला दीर्घकाळ जखडून ठेवत असत. टोरँटोचे अस्थिशल्यचिकित्सक रॉबर्ट सॉल्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये सशांच्या संसर्ग झालेल्या गुडघ्यांवर प्रयोग केले. जे गुडघे यंत्राने सतत हळूहळू हलवत ठेवले त्यांची कूर्चा जखडून ठेवलेल्या गुडघ्यांपेक्षा चांगली टिकली. कूर्चेत पोषक द्रव्ये पोहोचण्यासाठी आणि साचलेले घटक बाहेर पडण्यासाठी सांध्याचे दाबणे व सुटणे आवश्यक असते, आणि हालचालीने अस्तराच्या घड्या एकमेकींना चिकटण्याचेही टळते. तीव्र वेदनेच्या सुरुवातीच्या दिवसांत सांध्याला आराम द्यावा. निचरा होऊन वेदना उतरू लागली की आधी दुसऱ्याने हलवलेला, मग स्वतः हलवलेला, आणि भार मात्र डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच, असा क्रम आम्ही ठेवतो.